आधी कोण थांबणार?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींचं ड्रायव्हिंग लायसन्स कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे? खरं सांगा हं. माझं होतं. चांगली सोळा-सतरा वर्षं होतं. मुदत संपत आली की नूतनीकरण करून आणायचं आणि पुन्हा घडीखाली ठेवून द्यायचं! गाडी चालवायचे ते आमचे हे. मी डावीकडच्या सीटवर बसून पाण्याची बाटली उघडून द्यायची, संत्र्याच्या फोडी सोलून हातावर ठेवायच्या आणि घाटात डोळे मिटून रामरक्षा म्हणायची. आमच्या कराडात बहुतेक घरांत हीच वाटणी. निवृत्त झाल्यावर मात्र मी हट्टाने गाडी बाहेर काढली. आधी मंडई, मग देऊळ, मग उंब्रजला माहेरी. माझी मजल तिथवर.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी स्कॉटलंडमधल्या स्काय नावाच्या बेटावर चार दिवस गाडी चालवून आले, असं सांगितलं की बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग ह्यांच्याकडे. हे मान डोलावतात, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो!

झालं असं, की लेक ग्लासगोला असते. नोकरी, दोन वर्षांची नात, जावयांचीही नोकरी. तिथे गेल्यावर महिनाभर मी पोळ्या लाटल्या, नातीला न्हाऊ-माखू घातलं. मग एक दिवस लेकच म्हणाली, "आई, चार दिवस रजा टाकते. आपण दोघीच कुठेतरी जाऊ." मी लगेच म्हटलं, "आणि बाळ?" तर हे खुर्चीतूनच म्हणाले, "जा तुम्ही दोघी. आम्ही दोघं आहोत ना!" मला आठवतंय, मी जरा बावचळलेच. माझ्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

गाडी भाड्याने घेताना लेकीने फॉर्मवर दुसरा चालक म्हणून माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "अगं, कशाला उगीच?" तर म्हणे, "आपलं लायसन्स इथे फिरायला आलेल्या माणसाला बारा महिने चालतं. आणि इथेही गाडी डावीकडूनच चालवतात. तुला नवीन काय आहे?" बोलायला जागाच राहिली नाही.

ग्लासगोहून स्कायला पोहोचायला पाच तास तरी लागतात. लॉक लोमंडचा लांबच लांब तलाव, ग्लेन्कोची उदास, भव्य दरी, फोर्ट विल्यम आणि मग समुद्रावरचा पूल. हा पूल १९९५ मध्ये झाला. त्याआधी या वाटेने यायचं तर फेरीबोट हाच उपाय. पूल झाला, पण त्याचा टोल इतका जबर होता, की बेटावरच्या माणसांनी तो भरायला नकार दिला, कोर्टकज्जे सोसले. अखेर २००४ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. बेट लहान नाही. लोकवस्ती मात्र जेमतेम दहा हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं आणि बाकी सगळे डोंगर, समुद्राचे आत घुसलेले फाटे, दलदलीची माळरानं आणि मेंढ्या. मेंढ्या तर रस्त्यावरच पाय दुमडून बसतात. हॉर्नला दाद देत नाहीत. अगदी आपल्या चौकातल्या गायींसारख्या!

पहिल्या दिवशी मी डावीकडच्या सीटवरच होते. उत्तरेकडे ट्रॉटर्निश नावाचं भूशिर आहे. तिथे गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हा तर आपला सह्याद्री!" काळेकभिन्न कडे, एकावर एक थर, मध्ये गवताच्या पायऱ्या. रात्री लेकीने वाचून सांगितलं, ते खरंच निघालं. तोही ज्वालामुखीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. तिथला सुमारे सहा कोटी वर्षांचा, आपल्या सह्याद्रीचा त्याहून थोडा जुना. म्हणजे लांबची चुलत भावंडंच म्हणायची. त्या कड्यांच्या खालची जमीन जागोजागी घसरून सुळके उभे राहिलेत. स्टॉरचा म्हातारा म्हणून एक सुळका आहे, साधारण पन्नास मीटर उंच. क्विरँगला तर जणू डोंगर मोडून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी क्विरँगच्या रस्त्यावर लेकीने गाडी थांबवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता तू."

आता या बेटावरच्या रस्त्यांबद्दल सांगायला हवं. मुख्य रस्ता आपल्यासारखा दोन पदरी. पण तो सोडून आत वळलात की रस्ता एकच पदरी, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आणि त्यावरून येणं-जाणं दोन्ही चालतं. मग समोरून गाडी आली तर? त्यासाठी थोड्या-थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एका गाडीपुरती जागा रुंद केलेली असते. तिथे पांढरी पाटी असते, 'पासिंग प्लेस'. नियम अगदी साधे. समोरून गाडी दिसली, की ज्याच्याजवळ ही जागा असेल त्याने थांबायचं. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर आपण रस्त्यावरच तिच्या समोर थांबायचं आणि समोरच्याने तिच्यातून वळसा घालून जायचं. चढ चढणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्यायचं. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही वाट द्यायची. गरज पडली तर रिव्हर्स घ्यायचा. आणि त्या जागेत गाडी उभी करून फोटो काढायला अजिबात जायचं नाही. जो जातो तो स्टिअरिंगवरचा हात उचलून आभार मानतो. थांबलेलाही हात उचलतो. झालं.

पहिला अर्धा तास माझे तळहात घामाने ओले होते. पण मग गंमत कळायला लागली. लांब वळणावर गाडी दिसली की मनात हिशेब सुरू होतो, मधल्या जागा किती, त्याच्याजवळ कुठली, माझ्याजवळ कुठली. ती मोठी गाडी की छोटी, चालवणारा म्हातारा की तरुण, बाई की पुरुष, याचा त्या हिशेबात संबंधच नाही. जागा कोणाजवळ आहे एवढंच बघायचं. शंभरेक वेळा मी थांबले असेन, शंभरेक वेळा माझ्यासाठी लोक थांबले असतील. एकदाही हॉर्न वाजला नाही. कुणी काच खाली करून "बाई चालवतीय वाटतं" असंही म्हटलं नाही.

त्या रात्री आम्ही ब्रॉडफर्डला एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. रात्रीचे दहा वाजून गेले तरी बाहेर उजेड होता. चहा घेताना लेकीने विषय काढला. जावयांना ॲबर्डीनला मोठी जागा मिळत होती. चांगला पगार, वरचं पद. पण ॲबर्डीन तीन तासांवर. म्हणजे हिला हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडावी लागणार. चार वर्षं खपून तिथे जम बसलेला, पुढच्या वर्षी बढतीची आशा. "काय करू, आई?"

आणि मी काय म्हणाले असेन? विचारसुद्धा न करता म्हणून गेले, "अगं, सोड की. बाळ लहान आहे. तुला काय, तिकडेही मिळेल." ती काही बोलली नाही. कप विसळून झोपायला गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही एल्गोलला निघालो. ब्रॉडफर्डपासून पंधरा मैलांचा हा रस्ता, बहुतेक सगळा एकपदरी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ब्लाव्हेनचा प्रचंड डोंगर आणि टोकाशी समुद्रापलीकडे कूलिनची काळी दातेरी रांग. तिचं सर्वांत उंच शिखर ९९२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पण ही शिखरं समुद्रातूनच सरळ उठतात, म्हणून छाती दडपते. मी चालवत होते. एका वळणावर समोरून एक मोठी व्हॅन आली. दोघंही थांबलो. मी मान वळवली, गिअर टाकला आणि रिव्हर्स घ्यायला लागले. मागची जागा चांगली दीडशे पावलांवर, वळणाच्या पलीकडे.

लेक म्हणाली, "आई, तू का मागे जातेस? जागा त्याच्या मागे आहे. ती बघ, दहा पावलांवर."

मी बघितलं. खरंच होती! पाटी समोर दिसत होती. व्हॅनवाला मला हातानेच थांब-थांब म्हणत होता. मग तो सावकाश मागे गेला, त्या जागेत शिरला, मी पुढे आले, त्याने हात उचलला, मी उचलला. संपलं. पाच सेकंदांचं काम.

आम्ही दोघी आधी हसलो. मग लेक हळूच म्हणाली, "कालही तू हेच केलंस ना, आई? फक्त काल माझ्या वतीने रिव्हर्स घेतलास."

पुढचे दोन-तीन मैल मी काही बोलले नाही. एल्गोलच्या धक्क्यावर उतार संपतो, तिथे गाडी लावली आणि दगडावर बसून तिला एक गोष्ट सांगितली. ती तिला माहीतच नव्हती. १९९९ ची गोष्ट. मी सहकारी बँकेत क्लार्क होते. परीक्षा पास झाले, अधिकारी म्हणून बढती आली, नेमणूक सांगली शाखेत. कराड ते सांगली रोज जा-ये करणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. लेक नऊ वर्षांची, सासूबाई घरात धडधाकट. मी पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नकार लिहून दिला. घरी संध्याकाळी सांगितलं. हे म्हणाले, "बरं. तुझी मर्जी." आता वाईट वाटतं ते नकाराचं नाही. वाईट याचं वाटतं, की मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. ह्यांच्या मागे दहा पावलांवर जागा होती की नाही, हे मी पाहिलंच नाही. समोर गाडी दिसली आणि मी रिव्हर्स टाकला. सवयच तशी. कुणी जबरदस्ती केली नव्हती, म्हणून रागवायलाही कुणी नाही.

लेक ऐकत राहिली. म्हणाली, "बाबांना माहितीय का हे?" मी म्हटलं, "मलाच आज कळतंय, त्यांना कुठून माहीत असणार?"

चौथ्या दिवशी परत निघण्याआधी आम्ही ब्रेज नावाच्या वस्तीत गेलो. पोर्ट्रीच्या दक्षिणेला, तोही एकपदरी रस्ता. पर्यटक तिकडे कमी वळतात. तिथल्या गरीब कुळांनी खंड भरायचं थांबवलं होतं, कारण त्यांची गुरं चरायची डोंगरावरची जागा जमीनदाराने काढून घेतली होती. १८८२ च्या एप्रिलमध्ये नोटिसा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी त्या जाळायला लावल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आले. अरुंद वाटेवर गावातल्या बायका-पुरुषांनी दगड आणि काठ्या घेऊन त्यांना अडवलं. जखमी झालेल्यांत बायकाही होत्या. पुढे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवरून हुसकावता येणार नाही असं ठरलं. त्या जागी आता दगडांचा एक स्मृतिस्तंभ आहे.

याच बेटावर १८२१ मध्ये जन्मलेली मेरी मॅक्फर्सन या लढ्याची कवयित्री झाली. लोक तिला 'गाण्यांची थोरली मेरी' म्हणत. नवरा चपला-बूट शिवणारा. तो वारला, पदरी मुलं. मग चोरीच्या आरोपावरून तुरुंगवास झाला. आपण निर्दोष आहोत, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. त्या अपमानातून तिला गाणी सुचायला लागली, वयाच्या पन्नाशीत! त्यानंतर ग्लासगोला जाऊन ती परिचारिका झाली, सुईणपण शिकली. विचार करा, दीडशे वर्षांपूर्वी. आणि आपण पंचेचाळिशीत म्हणतो, "आता काय शिकायचं या वयात!"

आता मला जे म्हणायचंय ते. बायकांनी कधीच थांबू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. कोणीच थांबलं नाही तर त्या रस्त्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर तोंड करून दिवसभर उभ्या राहतील. संसार एकपदरी रस्ताच आहे. थांबावं लागतंच. मूल लहान असतं, सासऱ्यांचं आजारपण निघतं, एकाची बदली होते. तेव्हा जागा आपल्याजवळ असेल तर खुशाल थांबावं, मनात किल्मिष न ठेवता. पण तीन गोष्टी बघाव्यात.

एक, थांबण्याआधी मान वर करून जागा कोणाजवळ आहे ते बघावं. दर वेळी ती आपल्याच मागे असते, हा आपला समज आहे, नियम नव्हे. आपल्या घरांतून आधी कोण थांबणार हे लग्नाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. ते दर वेळी नव्याने ठरायला हवं.

दोन, जो पुढे गेला त्याने हात उचलायला हवा. साधी गोष्ट आहे. पण त्या बेटावर अनोळखी माणसं दिवसातून पन्नास वेळा करतात, ते आपल्या घरात तीस वर्षांत एकदा होत नाही. आणि आपणही थांबलो आहोत हे कधी सांगत नाही, मग समोरच्याला कळणार कसं?

तीन, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. वाट द्यायची ती जागा गाडी पार्क करायची नव्हे. समोरचा गेला की आपण पुन्हा रस्त्यावर यायचं असतं. आपण बायका दोन मिनिटांसाठी म्हणून थांबतो आणि इंजिन बंद करून तिथेच राहतो. मुलं मोठी झाली, सासू-सासरे गेले, रस्ता केव्हाचा मोकळा झाला, तरी आपण आपल्या त्या कडेलाच. पेटीवर धूळ, शिवणाच्या मशीनवर अभ्रा, लायसन्स साड्यांच्या घडीखाली.

लेकीचं काय झालं, विचाराल. ग्लासगोला परतल्यावर दोघं रात्री कागद-पेन घेऊन बसले. कुणाचा पगार किती, पाळणाघर कुठे, हिची बढती कधी. जावयांनी जागा सहा महिने पुढे ढकलता येईल का, असं विचारून पाहायचं ठरवलं. आम्ही निघेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. कदाचित शेवटी तीच नोकरी सोडेल. सोडली तरी दोघांनी जागा बघून सोडलेली असेल, एवढं मला पुरे आहे.

मुलांकडे तिकडे जाणार असाल आणि स्काय बघायचा विचार असेल, तर चार गोष्टी सांगते. गाडी छोटीच घ्या. गिअर नको असतील तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा. तुमच्या वयाला गाडी मिळते ना, तेही आधीच विचारा. मे ते सप्टेंबर राहण्याच्या जागा फार आधी भरतात. पेट्रोल पंप मोजकेच आहेत, तेव्हा आत वळण्याआधी टाकी भरा. हवा दिवसातून चार वेळा बदलते, रेनकोट हाताशी असू द्या. उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक माश्या चावून हैराण करतात. आणि रस्त्याकडेच्या पेटीत कुणी अंडी किंवा घरचा केक ठेवलेला दिसला, तर पैसे पेटीत टाकून बिनधास्त घ्या. बघायला कुणी नसतं, सगळा विश्वासाचा मामला.

परवाच, डिसेंबरात, एका लग्नाला निघालो होतो. गाडी माझ्या हातात, हे डावीकडे. आतल्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर समोर आला. मी मान वळवली, मागे शेताच्या तोंडाशी जागा होती. गाडी सावकाश मागे घेतली. ट्रॅक्टरवाल्या पोराने जाता जाता हसून हात वर केला. मीही केला.

हे म्हणाले, "अगं, तू का मागे घेतलीस? त्याला थांबायला सांगायचं."

मी म्हटलं, "कारण या वेळी जागा माझ्या मागे होती."

आणि मग उरलेल्या वाटेत ह्यांना सांगलीची गोष्ट सांगितली. संत्र्याची फोड तशीच हातात धरून ते ऐकत होते. या वेळी संत्रं त्यांनीच सोललं होतं.